आनंदाचीही मशागत करावी लागते



मृगाचा पाऊस केव्हा पडेल आणि किती पडेल, हे कोणाच्याही हाती नाही. तरीही आपल्यापैकी कोणी त्याची वाट पाहत हात बांधून बसत नाही. पाऊस येण्यापूर्वी नांगरट होते, ढेकळे फोडली जातात, शेणखत पसरले जाते, फुटलेले बांध नीट केले जातात. ज्याने हे केले नाही त्याच्याही शेतावर तोच पाऊस पडतो, पण ते पाणी ओहोळाला जाते आणि जाताना माती घेऊन जाते.

शेतीतला हा साधा नियम मनाच्या बाबतीत मात्र आपण विसरतो. सोसायटीचे कर्ज फिटले म्हणजे सुख लागेल, धाकट्याला नोकरी लागली म्हणजे जिवाला स्वस्थता येईल, घरावर स्लॅब पडला म्हणजे मग आनंदच आनंद, असे म्हणता म्हणता वर्षे निघून जातात. या गोष्टी मोलाच्या आहेत, त्यांसाठी झटलेच पाहिजे. पण त्या येईपर्यंत मन पडीक टाकले तर त्यात हरळी आणि लव्हाळा माजतो, आणि पुढे चांगला दिवस उगवला तरी तो मनात मुरत नाही.

काही माणसे स्वभावानेच हसतमुख असतात, काही जात्याच गंभीर असतात, हे खरे. जमीनही कोणाची काळी कसदार असते, कोणाची मुरमाड असते. म्हणून मुरमाड जमीनवाला शेती सोडून देत नाही. आनंदी राहणे हे पुष्कळ अंशी एक कसब आहे. ते रोजच्या थोड्याथोड्या सरावाने अंगी येते, आणि त्या सरावाची सुरुवात हातापायांपासून करायची असते. हे कसे, ते या लेखात पाहू.

नव्याचे नऊ दिवस

मोठा लाभ झाला की माणूस कायमचा सुखी होतो, ही समजूत कितपत खरी? १९७८ साली अमेरिकेतील ब्रिकमन या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी इलिनॉय राज्यात लॉटरीचे मोठे बक्षीस लागलेल्या २२ जणांची विचारपूस केली. शेजारपाजारच्या इतर लोकांशी त्यांची तुलना केली तेव्हा हे बक्षीसवाले काही फार अधिक सुखी आढळले नाहीत. उलट सकाळची न्याहारी, मित्राशी गप्पा, एखादा विनोद ऐकणे, अशा रोजच्या लहान गोष्टींतली गोडी त्यांना इतरांपेक्षा कमीच वाटत होती. पाहणी लहान होती, पण तिने सांगितलेली गोष्ट आपल्या आजीला ठाऊकच होती : नव्याचे नऊ दिवस. नवा ट्रॅक्टर पहिल्या हंगामात पुसून ठेवला जातो, दुसऱ्या हंगामात त्यावर कोंबड्या बसतात.

याचा अर्थ पैसा नको, असा कोणी घेऊ नये. पोटाला, औषधाला आणि मुलांच्या शाळेला पैसा लागतोच, आणि तो नसला म्हणजे मन खचतेच. अर्थ एवढाच की एकदाच येणाऱ्या मोठ्या लाभावर आनंदाचा सगळा भार टाकू नये. कारण मोठा लाभ सवयीचा होतो. जे रोज थोडे मिळते, आणि मिळाले म्हणून ध्यानात घेतले जाते, ते अधिक काळ पुरते.

मन आधी की काम आधी?

आपण नेहमी म्हणतो, “मन लागत नाही, मन लागले की करीन.” ऐकायला हे बरोबर वाटते. पण खचलेल्या मनाच्या बाबतीत याच बोलण्याने घात होतो. कसा, ते पाहा.

समजा, एका शेतकऱ्याचे भात कापणीच्या तोंडावर भिजले. आडवे पडलेल्या लोंब्यांना मोड आले. पहिल्या दिवशी तो शेताकडे जात नाही, कारण पाहवत नाही. दुसऱ्या दिवशी चहाच्या हॉटेलात जात नाही, कारण लोक विचारतील. रविवारी मिस्सेला उशिरा येतो, मागे उभा राहतो आणि शेवटचे गीत संपण्याआधी निघून जातो. गोठ्याचे काम मुलाकडे जाते. बायको जेवायला हाक मारते तर “भूक नाही” म्हणतो. प्रत्येक वेळी टाळल्याने त्याला तेवढ्यापुरते बरे वाटते. पण पंधरा दिवसांत त्याच्या दिवसात असे काहीच उरत नाही, ज्याने मनाला उभारी यावी. म्हशीने हंबरून ओळख द्यावी, शेजाऱ्याने पाठीवर हात ठेवावा, केलेले काम डोळ्यांपुढे दिसावे, यांतले काही त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. मग मन आणखी खचते, आणि खचले म्हणून तो आणखी टाळतो. हे रहाटगाडगे एकदा सुरू झाले की आपोआप थांबत नाही.

अमेरिकेत ओरेगॉन येथे लुइन्सन या मानसशास्त्रज्ञाने १९७० नंतरच्या दशकात हीच गोष्ट मांडली. खिन्नतेत माणूस दिवसातली गोडीची कामे सोडतो, आणि ती सोडल्याने खिन्नता वाढते. म्हणून सोडलेली कामे थोडीथोडी पुन्हा सुरू करावीत, मन मागून येते. पुढे १९९६ साली सिअ‍ॅटल येथील जेकबसन यांच्या पाहणीत असे आढळले की, विचार बदलण्याच्या लांबलचक उपचाराने खचलेल्या माणसांना जेवढा गुण येतो, तेवढाच नुसती कामे पुन्हा सुरू करण्याच्या भागानेही येतो.

गोव्याच्या आरोग्य केंद्रांत काय घडले

हे झाले परदेशाचे. आता आपल्या शेजारचे पाहू. गोव्यात १९९६ साली सुरू झालेली ‘संगाथ’ ही संस्था मानसिक आरोग्याचे काम करते. डॉक्टर विक्रम पटेल हे तिच्या संस्थापकांपैकी एक. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यातील १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक मोठी पाहणी केली. तिचे निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

अंग दुखते, थकवा येतो, झोप लागत नाही, अशा तक्रारी घेऊन सरकारी दवाखान्यात येणारी पुष्कळ माणसे मुळात मनाने खचलेली असतात. तपासणीत ज्यांची खिन्नता बरीच वाढलेली आढळली, अशा ४९५ स्त्रीपुरुषांना या पाहणीत घेतले. सर्वांना दवाखान्यातील डॉक्टरांचे उपचार होतेच. त्यांतील निम्म्यांच्या भेटीला त्याशिवाय एक समुपदेशक आठवड्यातून एकदा येई. एकेक भेट अर्ध्या ते पाऊण तासाची, अशा एकूण ६ ते ८ भेटी, दवाखान्यात किंवा रोग्याच्या घरी.

हे समुपदेशक डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राचे पदवीधरही नव्हते. ती आसपासचीच, लोकांची भाषा बोलणारी साधी माणसे होती. त्यांना या कामाचे शिक्षण दिलेले होते आणि त्यांच्या कामावर देखरेख होती, एवढेच. ती रोग्याला उपदेश करीत नसत. तुम्ही दिवसभर काय करता, कोणत्या वेळी मन जरा हलके असते, पूर्वी कशात समाधान वाटत होते, हे विचारीत. मग त्यातले एखादे लहान काम निवडून, ते कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणाच्या सोबतीने करायचे हे दोघे मिळून ठरवीत. केल्यानंतर कसे वाटले याची नोंद ठेवायला सांगत. घरच्यांची, शेजाऱ्यांची मदत मिळवून देत. आणि एखादी खरी अडचण छळत असेल तर तिचे तुकडे पाडून एकेक तुकडा सोडवायला शिकवीत.

३ महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. नुसत्या नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांपैकी ३९ टक्के लोकांची खिन्नता ओसरली होती. ज्यांना समुपदेशकाची जोड मिळाली त्यांच्यात हे प्रमाण ६४ टक्के होते. वर्षभराने पाहिले तेव्हाही हा लाभ टिकून होता.

या आकड्यांत आपल्यासाठी मोठा दिलासा आहे. जे कसब बरेच खचलेल्या माणसाला सावरू शकते, ते धडधाकट माणसालाही शिकता येते. आणि ते शिकायला मोठे शिक्षण किंवा पैसा लागत नाही. वही, पेन्सिल आणि एक सोबती असला म्हणजे पुरते.

रोजचा क्रम

आता प्रत्यक्ष काय करावे ते पाहू. सारेच एका दिवशी सुरू करू नये. एक धरावे, ते अंगवळणी पडले की दुसरे घ्यावे.

पहिले : रात्री एक काम ठरवावे. उद्या करायचे एकच लहान काम वहीत लिहावे. ते पंधरा मिनिटांत होण्यासारखे असावे आणि झाल्यावर डोळ्यांना दिसावे. उदाहरणार्थ, परसातल्या दोन वाफ्यांतले तण काढणे, दावणीचा दोर बदलणे, विळ्यांना धार लावणे, नारळाच्या आळ्यात पाला घालणे. त्याला रोजच्या कामाची दावण द्यावी, म्हणजे “धार काढून झाली की लगेच” असे ठरवावे. नुसते “उद्या काहीतरी करीन” म्हटले तर ते होत नाही. मन लागो वा न लागो, ठरलेल्या वेळी उठावे. काम झाल्यावर मनाला कसे वाटले ते एका शब्दात लिहावे : बरे, तसेच, हलके, जड. खोटे लिहू नये. आठवड्याने वही पाहिली म्हणजे कोणत्या कामाने आपल्याला उभारी येते ते आपले आपल्यालाच कळते. प्रत्येकाचे ते निराळे असते.

दुसरे : दिवसातून एकदा माणसात जावे. हार्वर्ड विद्यापीठाने १९३८ साली काही तरुणांची पाहणी सुरू केली आणि ती पुढे त्यांच्या म्हातारपणापर्यंत व मुलांपर्यंत चालू ठेवली. इतक्या वर्षांच्या नोंदींतून ठळकपणे पुढे आले ते हे की, ज्यांचे घरच्यांशी व मित्रांशी जिव्हाळ्याचे संबंध होते ते अधिक सुखी आणि अधिक निरोगी राहिले. आपल्याकडे माणसे भेटायला दूर जावे लागत नाही. बांधावर शेजारी असतो, नळावर शेजारीण असते. दोन मिनिटे थांबावे, त्यांच्या घरच्या आजाऱ्याची चौकशी करावी. जेवताना मोबाइल आणि टीव्ही बंद ठेवून सर्वांनी एकत्र बसावे. आठवड्यातून एकदा कोणाच्या तरी कामाला हात लावावा. आपल्याकडची एकमेकांच्या शेतात जाऊन लावणी करण्याची रीत जिथे टिकून आहे तिथे ती मोडू देऊ नये. त्यात मजुरी वाचते आणि मनही राखले जाते.

तिसरे : झोपण्यापूर्वी तीन चांगल्या गोष्टी सांगाव्यात. आज काय चांगले घडले आणि ते कशामुळे घडले, हे दोन्ही सांगायचे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, सेलिगमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने लोकांना एक आठवडाभर रोज रात्री हे लिहायला लावले. त्यांच्या मनाला आलेली उभारी सहा महिन्यांनीही दिसत होती, विशेषतः ज्यांनी तो परिपाठ आपणहून पुढे चालू ठेवला त्यांच्यात. त्यापूर्वी २००३ साली एमन्स आणि मॅक्‌कलो यांनी दहा आठवड्यांची पाहणी प्रसिद्ध केली होती. आठवड्यातल्या कृतज्ञतेच्या गोष्टी लिहिणारे लोक, कटकटी लिहिणाऱ्या लोकांपेक्षा आपल्या जीवनाविषयी अधिक समाधानी आढळले.

आपल्या घरांत हे नवे नाही. संत इग्नेशियस यांनी शिकवलेल्या रोजच्या आत्मपरीक्षणाची पहिली पायरी आभार मानण्याचीच आहे; चुकांकडे त्यानंतर वळायचे. तसेच गोव्यातील नव्या कणसांचा सण पाहा. राय गावात ५ ऑगस्टला भाताची पहिली कणसे कापून चर्चमध्ये आणतात. त्या वेळी पीक अजून शेतात उभे असते, पाऊस चालू असतो, पुढे काय होईल ते ठाऊक नसते. तरी पहिल्या कणसाचे आभार त्याच दिवशी मानले जातात, कोठार भरण्याची वाट पाहिली जात नाही. हीच रीत रोजच्या रात्री घरात आणावी. जपमाळेची प्रार्थना झाल्यावर लहानथोर प्रत्येकाने एकेक गोष्ट सांगावी. ती नेमकी असावी. “सर्व ठीक आहे” असे मोघम नको. “आज वासरू पहिल्यांदा आपणहून पाणी प्यायले, कारण थोरलीने चार दिवस त्याच्यामागे मेहनत घेतली,” असे असावे. ज्यांना रोज सांगताना ते नुसते पाठांतर वाटू लागेल त्यांनी आठवड्यातून एकदाच, रविवारी, सांगावे, तेही चालते.

चौथे : मन हलके करायला दारू घेऊ नये. घोटभर घेतल्यावर काळजी विसरते, म्हणून हा मार्ग सोपा वाटतो. पण दारूने मध्यरात्रीनंतरची झोप मोडते, सकाळ जड जाते, आणि ठरवलेले काम तसेच राहते. ज्यांना ही सवय लागली आहे त्यांनी खचून जाऊ नये. गोव्याच्या त्याच आरोग्य केंद्रांत जास्त पिणाऱ्या ३७७ पुरुषांवर अशीच पाहणी झाली. जास्तीत जास्त चार भेटी मिळालेल्या पुरुषांपैकी ४२ टक्क्यांनी ३ महिन्यांनंतरच्या तपासणीच्या आधीचे १४ दिवस थेंबही घेतला नव्हता. इतरांमध्ये हे प्रमाण १८ टक्के होते. जे रोज आणि पुष्कळ पितात त्यांनी मात्र एकाएकी न सोडता डॉक्टरांच्या सल्ल्याने सोडावी, कारण एकदम सोडल्याने जिवाला अपाय होऊ शकतो.

मुगाच्या पिकाएवढा धीर

“चार दिवस करून पाहिले, काही फरक नाही,” असे पुष्कळजण म्हणतील. चौथ्या दिवशी तर बीसुद्धा नीट वर आलेले नसते. लंडनमध्ये ९६ जणांवर झालेल्या एका अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कोणाला १८ दिवस पुरले, कोणाला त्याहून पुष्कळच अधिक लागतील असे दिसले. ६६ दिवस म्हणजे आपल्या मुगाच्या पिकाएवढा काळ. मूग पेरून शेंगा तोडीपर्यंत आपण धीर धरतो, तेवढाच येथे धरावा. त्याच अभ्यासात असेही आढळले की मध्ये एखादा दिवस चुकला तरी फारसे बिघडत नाही. तेव्हा एक दिवस राहिला म्हणून वही फेकून देऊ नये. एक पाळी चुकली म्हणून कोणी उभ्या पिकात जनावरे सोडत नाही.

खरी अडचण हसून जात नाही

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. आनंदाचा सराव म्हणजे दुःख झाकणे नव्हे. भाव पडला, पीक बुडाले, सावकार दारात आला, तर वाईट वाटणारच, आणि ते वाटलेच पाहिजे. अशा माणसाला “हसत राहा, देवावर विश्वास ठेव” एवढेच सांगून वाटेला लागणे ही दया नव्हे. त्याच्याजवळ बसावे आणि अडचणीचे तुकडे पाडायला मदत करावी. कोणाचे किती देणे, व्याज किती, तारीख कोणती, हे सारे एका कागदावर मांडावे. मग त्यातले या आठवड्यात करण्यासारखे एक काम निवडावे आणि त्याच्यासोबत बँकेत किंवा सोसायटीत जावे.

मन खचल्यावर हातपाय चालते ठेवण्याने किती फरक पडतो, याचे एकच उदाहरण पुरे. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत गारपीट किंवा दरड कोसळण्यासारख्या स्थानिक आपत्तीने नुकसान झाले तर ७२ तासांच्या आत कळवावे लागते. ज्याने विमा उतरवला आहे, पण जो तीन दिवस तोंड झाकून पडून राहिला, त्याचे पीक तर गेलेच, विम्याचा हक्कही धोक्यात आला. त्या तीन दिवसांत शेजाऱ्याने त्याला हाताला धरून उठवले आणि फोन करायला लावला, तर ती त्याच्या घराची मोठीच सेवा झाली.

डॉक्टरकडे केव्हा जावे

साध्या उदासीला वरील क्रम पुरतो. पण दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ रोज मन खिन्न राहणे, कशातच गोडी न वाटणे, झोप किंवा भूक बिघडणे, सतत थकवा, आपण घरच्यांवर ओझे आहोत असे वाटणे, अशी लक्षणे दिसली तर तो आजार समजावा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. मलेरियाला औषध घेण्यात कमीपणा नाही, तसा यातही नाही. श्रद्धा कमी पडली म्हणून हा आजार होतो, असे कोणी कोणाला सांगू नये.

कोणी जगणे नकोसे झाल्याचे बोलून दाखवले तर ते हसण्यावारी नेऊ नये. त्याला एकटे सोडू नये, घरातील कीटकनाशके आणि तणनाशके दुसऱ्याच्या घरी हलवावीत, आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. केंद्र सरकारची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा २०२२ साली सुरू झाली. तिचा क्रमांक १४४१६ असून ती विनामूल्य आहे आणि रात्रीबेरात्री केव्हाही, आपल्या भाषांत बोलता येते. हा क्रमांक दाराच्या आतल्या बाजूस खडूने लिहून ठेवावा.

बंधुभगिनींनो, आज रात्रीच एक जुनी वही शोधा. पहिल्या पानावर उद्याचे पंधरा मिनिटांचे एक काम लिहा, आणि घरच्यांना आजची एक चांगली गोष्ट विचारा. आणि येत्या रविवारी चर्चच्या दाराशी जो कोणी मागच्या मागे निघून जाताना दिसेल, त्याला हाक मारा आणि त्याच्या बांधापर्यंत सोबत चालत जा.